महागडं फाउंडेशन बिघडलं, स्वस्त लिपस्टिक टिकली: पैसे नेमके कशावर घालावेत?

प्रश्न: गेली चार-पाच वर्षं मी औषधांच्या दुकानात, सुपरमार्केटात मिळणारा साधा मेकअप वापरते. मावसबहीण म्हणते, स्वस्त मेकअपनं चेहरा खराब होतो, एकदाच चांगलं काहीतरी घे. म्हणून पैसे साठवून एका नामांकित ब्रँडचं फाउंडेशन घेतलं. दुकानात मनगटावर रंग अगदी जुळला होता, पण दुपारपर्यंत चेहरा काळपट दिसतो आणि नाकाजवळ, हनुवटीवर त्याच्या बारीक गोळ्या सुटतात. उलट त्याच्या पाचव्या हिश्शाच्या किमतीची लिपस्टिक दिवसभर टिकते. मी फसले का? मला सगळं सामान नव्यानं घ्यायचंय आणि पैसे मोजके आहेत. कशावर जास्त घालू, कशावर वाचवू? शिवाय बहीण तिचा अर्धा वापरलेला महागडा मस्कारा देतेय. तो घेऊ का?

उत्तर: तुम्ही फसला नाहीत. फाउंडेशन वाईट असेल असंही वाटत नाही. ते निवडताना एक चूक झाली आणि लावताना दुसरी होते आहे. दोन्ही सुधारता येतात, म्हणून बाटली टाकून देऊ नका.

आधी काळपटपणाचं बघू. कुठल्याही किमतीच्या फाउंडेशनला रंग येतो तो मुख्यतः चार पदार्थांनी: पांढरा टायटॅनियम डायऑक्साइड आणि पिवळी, लाल, काळी अशी तीन आयर्न ऑक्साइड. डब्यावरच्या यादीत हे सीआय (कलर इंडेक्स, म्हणजे रंगांचे क्रमांक) ७७८९१, ७७४९२, ७७४९१ आणि ७७४९९ या आकड्यांनी दिसतात. फाउंडेशन लावल्यावर पहिल्या काही मिनिटांत त्यातलं पाणी आणि उडून जाणारी सिलिकोन (गुळगुळीतपणा देणारी रसायनं) निघून जातात आणि रंगाचा थर दाट होतो. पुढच्या काही तासांत त्वचेचं तेल रंगकणांमध्ये मुरतं. कोरडा दगड ओला झाला की गडद दिसतो, तसंच इथे होतं. याला बोलीभाषेत ‘ऑक्सिडाइज होणं’, म्हणजे ऑक्सिजनशी संयोग होणं, म्हणतात. ते नाव दिशाभूल करतं, कारण आयर्न ऑक्साइड आधीच ऑक्सिडाइज झालेलं असतं. तेलकट त्वचेवर हा फरक अर्ध्या ते एका शेडचा पडू शकतो, आणि तो महागड्या बाटलीतही पडतो.

म्हणजे दुकानातल्या पाच मिनिटांवर विश्वास ठेवायचा नाही, आणि मनगटावर तर नाहीच. मनगटाचा आणि चेहऱ्याचा रंग क्वचितच एक असतो. जबड्याच्या कडेला तीन शेडच्या उभ्या रेघा ओढा, बाहेर उजेडात जाऊन बघा, मग चार-पाच तास तशाच राहू द्या. संध्याकाळी जी रेघ मानेच्या रंगात दिसेनाशी होते, ती तुमची शेड. चेहरा राखाडी दिसला तर त्या शेडमध्ये पांढरा रंग जास्त आहे. नारिंगी दिसला तर अंडरटोन, म्हणजे रंगातली पिवळसर किंवा गुलाबी झाक, चुकलाय, तेव्हा गडद-फिकट बदलून उपयोग नाही, दुसऱ्या अंडरटोनची शेड घ्यावी लागते. हातातल्या बाटलीचं काय करायचं? त्याच फाउंडेशनची एक-दोन शेड फिकट छोटी बाटली किंवा सॅम्पल मिळालं तर तीन थेंबांना एक थेंब मिसळून बघा. ते नसेल तर लावण्याआधी टी-झोनवरचं, म्हणजे कपाळ, नाक, हनुवटीवरचं, तेल टिपून घ्या आणि फाउंडेशनवर फक्त तिथेच पातळ पावडर दाबा. तेल रंगात उतरायला वेळ लागेल आणि काळपटपणा लांबेल.

गोळ्या सुटण्याचं कारण बहुतेक वेळा फाउंडेशनच्या खालच्या थरात असतं. मॉइश्चरायझर किंवा सनस्क्रीन पुरतं वाळलेलं नसतं, त्यात कार्बोमर किंवा झँथन गमसारखा जेल करणारा पदार्थ असतो, आणि वरून बोटांनी घासलं की तो थर गोळा होऊन फाउंडेशनला सोबत घेऊन निघतो. दुसरं कारण म्हणजे खाली पाण्याचा थर आणि वर सिलिकोनचा, किंवा याच्या उलट. इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे: यादीत पहिलं नाव पाणी असलं की फाउंडेशन ‘वॉटर बेस्ड’. तसं नसतं. पाणी पुष्कळ लिक्विड फाउंडेशनमध्ये पहिलं असतं. दुसरं, तिसरं आणि चौथं नाव बघा. तिथे डायमेथिकोन, सायक्लोपेंटासिलोक्सेन अशी सिलिकोनची नावं असतील तर ते सिलिकोनचं फाउंडेशन. मग प्रायमरही (फाउंडेशनच्या आधी लावायचा थर) त्याच जातीचा हवा, किंवा प्रायमर नकोच.

करून बघायची पद्धत सांगतो. वाटाण्याएवढं मॉइश्चरायझर, मग पाच मिनिटं थांबा. सनस्क्रीन, मग दहा-पंधरा मिनिटं. त्यानंतर पूर्ण चेहऱ्याला मिळून साधारण अर्धा मिलिलीटर फाउंडेशन, ओलसर स्पंजनं दाबत लावायचं, घासायचं नाही. दोन दिवस अर्ध्या चेहऱ्यावर प्रायमर आणि अर्ध्यावर काहीच नाही असं करून बघा. ज्या बाजूला गोळ्या येत नाहीत ती तुमची पद्धत.

आता मूळ प्रश्न. महाग आणि स्वस्त यांच्यातली रेघ बाहेरून दिसते तेवढी ठळक नाही. लॅन्कोम आणि मेबलिन हे दोन्ही लॉरिआल समूहाचे ब्रँड आहेत. मेबलिन त्यांनी १९९६ मध्ये विकत घेतला. त्याच समूहात २०१४ मध्ये स्वस्तातला निक्सही आला. त्याशिवाय इटलीची इंटरकॉस, दक्षिण कोरियाची कॉसमॅक्स अशा कंपन्या अनेक ब्रँडसाठी माल बनवतात. त्यामुळे चांगलं रसायनशास्त्र महागड्या काउंटरपुरतं बंद राहत नाही. पण यावरून ‘दोन्ही बाटल्यांत एकच माल’ असा निष्कर्ष काढू नका. कारखाना एक असला तरी प्रत्येक ब्रँड स्वतःचा फॉर्म्युला आणि खर्चाची मर्यादा ठरवून देतो.

जास्तीचे पैसे जातात कुठे? जाड काचेची बाटली, चुंबकाची डबी, सुगंध, जाहिरात, काउंटर आणि तिथला माणूस यांवर. काही भाग खरोखर वस्तूवर जातो: बारीक दळलेली पावडर, हवा आत न शिरू देणारा पंप, शेडची मोठी रेंज. चेहऱ्याला उपयोग आहे तो या शेवटच्या तिन्हींचा.

त्यातही शेडचा मुद्दा आम्हाला सगळ्यात मोठा वाटतो. फेंटी ब्यूटीनं सप्टेंबर २०१७ मध्ये ४० शेडचं फाउंडेशन आणलं आणि त्यानंतर इतरांनाही रेंज वाढवावी लागली. स्वस्त ब्रँडनीही शेड वाढवल्या, पण तिथली बाटली अनेकदा सीलबंद असते, टेस्टर नसतो. सावळ्या आणि गडद त्वचेला याचा जास्त फटका बसतो, कारण मधल्या आणि गडद शेड कमी असतात आणि ज्या असतात त्यांतल्या काहींत पांढरा रंग जास्त पडून राखाडी झाक येते. फाउंडेशनवर जास्त पैसे घालायचं समर्थन करायचं तर ते एवढंच: तुमची नेमकी शेड तिथे आहे आणि ती तुम्ही दिवसभर लावून बघू शकता. काउंटरवर दोन-तीन दिवस पुरेल एवढं सॅम्पल मागा. दोन मिलिलीटर पुरतं. तुमची शेड साध्या ब्रँडमध्ये सापडली, तर वरचे पैसे मोजायला काही कारण उरत नाही.

फाउंडेशनच्या डब्यावरच्या दोन गोष्टींसाठी मात्र एक पैसाही जास्त देऊ नका. पहिली एसपीएफ, म्हणजे उन्हापासून संरक्षणाचा आकडा. तो आकडा दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम एवढा थर लावून मोजलेला असतो. चेहऱ्याला त्या हिशेबानं एक मिलिलीटरहून जास्त फाउंडेशन लागेल, म्हणजे वर सांगितलेल्या मापाच्या दुपटीहून अधिक. तेवढं कुणी लावत नाही, म्हणून सनस्क्रीन वेगळंच हवं. दुसरी गोष्ट म्हणजे ‘त्वचेचं पोषण’. हायलुरॉनिक ॲसिड, व्हिटॅमिन, फुलांचे अर्क ही नावं यादीत शेवटी-शेवटी असतात. यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं असते, पण १ टक्क्याच्या खालचे पदार्थ कुठल्याही क्रमानं लिहिता येतात. सहसा फिनॉक्सिइथेनॉल हे प्रिझर्वेटिव्ह १ टक्क्याच्या आसपास किंवा त्याखालीच असतं, म्हणून त्याच्या नंतर आलेल्या नावांचं प्रमाण नगण्य समजायला हरकत नाही. पोषण हवं तर ते रात्रभर राहणाऱ्या क्रीममध्ये शोधा.

बहिणीचं ‘स्वस्त मेकअपनं चेहरा खराब होतो’ हे म्हणणंही इथेच तपासून घेऊ. पुरळ, खाज, लालसरपणा यांचा संबंध किमतीशी नसतो. तो सुगंधाशी, न धुतलेल्या ब्रशशी, रात्री मेकअप न काढण्याशी आणि एखाद्या पदार्थाच्या ॲलर्जीशी असतो. सुगंधाच्या बाबतीत महागडा माल पुष्कळदा जास्त त्रासदायक निघतो, कारण त्यात तो हौसेनं घातलेला असतो. यादीत परफ्यूम, फ्रेग्रन्स, लिनालूल, लिमोनिन, सिट्रोनेलॉल, जेरॅनिऑल दिसलं आणि तुमची त्वचा नाजूक असेल, तर ती वस्तू परत ठेवा. नवी वस्तू चेहऱ्यावर आणण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला दिवसातून दोनदा, सलग पाच-सात दिवस लावून बघा. ॲलर्जी पहिल्याच दिवशी दिसतेच असं नाही.

मस्काऱ्यावर जास्त खर्च करू नका, आणि याबाबत आम्ही ठाम आहोत. मस्काऱ्याची कांडी दररोज डोळ्याला लागते आणि दररोज ओल्या नळीत परत जाते. त्यामुळे तीन महिन्यांनी तो टाकायचा असतो, फार तर सहा. नळीत ८ ते १० मिलिलीटर माल असतो आणि तेवढ्या काळात तो क्वचितच संपतो. म्हणजे महागड्या नळीतला उरलेला मालही तितक्याच महागात कचऱ्यात जातो. शिवाय मस्काऱ्याचं बरंचसं काम त्याचा ब्रश करतो, आणि चांगला ब्रश स्वस्तातही मिळतो. पापण्या विरळ असतील तर बारीक दात्यांचा प्लॅस्टिकचा घ्या, घनदाट दिसायला हव्या असतील तर जाड केसांचा. खाली काळं उतरत असेल तर वॉटरप्रूफकडे धावण्याआधी ‘ट्यूबिंग’ प्रकार बघा. तो पापणीच्या प्रत्येक केसाभोवती पॉलिमरची (प्लॅस्टिकसारख्या पातळ थराची) बारीक नळी करतो, तेलानं विरघळत नाही आणि कोमट पाण्यानं नळीसकट निघतो. कांडी नळीत पंपासारखी वर-खाली करू नका, हवा शिरून तो लवकर सुकतो. सुकलेल्या मस्काऱ्यात पाणी तर कधीच घालू नका, त्यानं प्रिझर्वेटिव्ह पातळ होतं आणि जंतूंना रान मोकळं होतं.

तुमची लिपस्टिक टिकते ती तिच्यातल्या पॉलिमरमुळे. यादीत ट्रायमेथिलसिलोक्सिसिलिकेट आणि आयसोडोडेकेन ही नावं शोधा, बहुधा सापडतील. आयसोडोडेकेन उडून जातं आणि मागे रंगाला धरून ठेवणारी फिल्म उरते. हे तंत्र आता सगळ्या किमतींत आहे. अशी लिपस्टिक पाण्यानं निघत नाही. तेल किंवा क्लीन्झिंग बाम लावून अर्धा मिनिट थांबा, मग पुसा, घासून ओठ सोलू नका. साध्या क्रीम लिपस्टिकमध्ये मेण, तेल आणि रंग एवढंच असतं. महागडी जास्त मऊ फिरेल, वास छान असेल, कांडी गरमीत कमी घाम सोडेल. रंग मात्र दोघींचा सारखाच उठू शकतो. एका कांडीत ३ ते ३.५ ग्रॅम माल असतो. एका वेळेला १० मिलिग्रॅम लागतो असं धरलं तर तीनशे-साडेतीनशे वेळा लावता येते. रोज वापरणारी आवडती एकच शेड असेल तर तिच्यावर हौसेनं खर्च करा. कधीतरी लावायच्या भडक शेडसाठी साधी घ्या.

पावडर आणि आयशॅडो यांत मात्र दर्जा बोटाला कळतो. टॅल्क, मायका आणि रंग किती बारीक दळले, किती बांधणी (पावडर एकत्र धरून ठेवणारा पदार्थ) घातली यावर सगळं ठरतं. बांधणी कमी पडली की डबी पहिल्या धक्क्यात फुटते आणि गालावर पावडर गळते. जास्त झाली की वर काचेसारखा कडक थर येतो आणि ब्रशला रंगच लागत नाही. (हा थर चेहऱ्याच्या तेलानंही येतो. साधी चिकटपट्टी हलकेच दाबून उचलली की निघून जातो.) टेस्टरवर एकदाच, न दाबता बोट फिरवा आणि हातावर ओढा. रंग सलग उमटला तर चांगलं, ठिपक्या-ठिपक्यांत आला तर सोडून द्या.

आयशॅडोमधली चमकदार शेड स्वस्तातही छान मिळते. मोत्यासारखे चपटे कण आणि थोडं जास्त तेल यामुळे ती सहज सरकते आणि दोष झाकते. खरी परीक्षा मॅट, म्हणजे बिनचमकीच्या, शेडची. ती कोरडी असते, डाग-डाग पडते, दोन मॅट एकमेकांत मिसळताना चिखल होतो. म्हणून पॅलेटवर पैसे घालायचे तर चार चांगल्या मॅट शेडच्या छोट्या पॅलेटवर घाला आणि चमकदार शेड सुट्या, स्वस्त घ्या. अठरा शेडचं पॅलेट घेण्याआधी त्यातल्या रोज लागणाऱ्या किती ते मोजा. पाचच निघाल्या तर किमतीला अठरानं नाही, पाचनं भागा.

फिनिशिंग पावडर घेताना यादीत पहिलं नाव सिलिका असेल तर जपून. डोळ्यांना ती दिसत नाही, पण फ्लॅशच्या फोटोत चेहऱ्यावर पांढरे डाग उठतात, आणि हे महागड्या ‘एचडी’ पावडरींतही होतं. घरी अंधारात फ्लॅश मारून एक फोटो काढला की खात्री होते.

उरलेल्यांचं थोडक्यात. आयलायनर, भुवयांची पेन्सिल, ब्लश, नेलपॉलिश: साधंच घ्या. प्रायमर: गरज सिद्ध होईपर्यंत घेऊच नका. कन्सीलर (डाग, काळी वर्तुळं झाकायचं) फाउंडेशनइतक्याच काळजीनं निवडा, कारण त्यातही शेडच महत्त्वाची. नळी लहान असते आणि बेताबेतानं लागते, त्यामुळे इथे थोडे जास्त गेले तरी ते वसूल होतात.

आणि ब्रश. पैसे वाचवायच्या नादात लोक हेच विसरतात. चांगल्या सिंथेटिक ब्रशनं साधं फाउंडेशन सुरेख बसतं, पण वाईट ब्रशनं भारी फाउंडेशनही रेघारेघांचं दिसतं. एक फाउंडेशनचा किंवा स्पंज, एक गुबगुबीत पावडरचा, दोन डोळ्यांचे एवढे पुरे. आठवड्यातून एकदा सौम्य शाम्पूनं धुवा, केस खाली करून किंवा आडवे वाळवा, म्हणजे पाणी दांड्यात जाऊन गोंद सुटत नाही. स्पंज तीन महिन्यांनी बदला.

घेण्याआधी एक हिशेब कागदावर करा: किंमत भागिले, मुदत संपेपर्यंत तुम्ही ती वस्तू किती वेळा वापराल तो आकडा. मुदत म्हणजे उघड्या डबीच्या चित्रात लिहिलेला आकडा, ‘१२ एम’ म्हणजे उघडल्यापासून १२ महिने. फाउंडेशनच्या ३० मिलिलीटरच्या बाटलीत अर्ध्या मिलिलीटरनं ६० वेळा पुरेल एवढा माल असतो. आठवड्यातून दोनदा लावलंत तर साधारण सात महिन्यांत ती संपते, पैसे वसूल. पंधरा दिवसांतून एकदाच लावलंत तर वर्षात १३ मिलिलीटर संपेल आणि १७ टाकून द्यावं लागेल. म्हणजे बाटली तुम्हाला दुपटीहून महाग पडली. अशा वेळी छोटा पॅक घ्या, दर ग्रॅमला महाग असला तरी.

महागड्या ब्रँडचा एक धोका स्वस्तात फारसा नसतो: नकली माल. नकली मेकअपमध्ये शिसं, आर्सेनिक आणि जिवाणू सापडलेले आहेत. खोका आणि बाटली या दोन्हींवरचा बॅच नंबर एकच आहे का ते बघा, पदार्थांच्या यादीतलं स्पेलिंग वाचा, वजन ब्रँडच्या अधिकृत माहितीशी ताडा. अविश्वसनीय सवलत दिसली की थांबा. त्या पैशांत साध्या ब्रँडचा अस्सल माल केव्हाही बरा.

तुमच्या पैशांचे दहा वाटे केले तर आम्ही चार फाउंडेशन आणि कन्सीलरला देऊ, दोन ब्रशना, दोन मॅट पॅलेट आणि पावडरला, आणि दोनमध्ये मस्कारा, लायनर, ब्लश, लिपस्टिक सगळं बसवू. हातातलं फाउंडेशन वर सांगितल्याप्रमाणे सुधारलं तर पहिल्या वाट्यातले बरेच पैसे सुटतील. मग ते ब्रशकडे वळवा.

राहिला बहिणीचा मस्कारा. घेऊ नका, कितीही भारी असो आणि बहीण कितीही स्वच्छ असो. नळीच्या आतला ओला माल निर्जंतुक करायची घरगुती पद्धत नाही. लिक्विड लायनर आणि कांडीचं लिपग्लॉसही याच कारणासाठी नको. तिला द्यायचंच असेल तर पावडरची वस्तू मागा, ब्लश किंवा आयशॅडो. वरचा थर चिकटपट्टीनं काढा, ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचा हलका फवारा मारा आणि झाकण उघडं ठेवून पूर्ण वाळू द्या. पेन्सिल असेल तर टोक अल्कोहोलमध्ये बुडवून वाळवा आणि मग नव्यानं तासा. तिला अलीकडे डोळे आले असतील, तर डोळ्यांचं काहीच घेऊ नका.